पाच मिनिटं पुढे

माझं डोकं लवकर तापतं, हे अख्ख्या कॉलेजला ठाऊक आहे. पण त्या दिवशी कुणाचंही तापलं असतं. जळगावचे आमचे आणि धुळ्याच्या कॉलेजचे संगणक जोडून आम्ही कपाशीवरच्या बोंडअळीचा अंदाज काढणार होतो. अर्धं गणित इथे, अर्धं तिथे. मधलं नेटवर्क किती वेगवान आहे ते तीन वाजेपर्यंत मोजून दाखवा, नाहीतर धुळ्याला वगळतो, असं आमच्या प्रकल्पप्रमुख शालिग्राम सरांनी बजावलं होतं. धुळ्याच्या नवलभाऊंनी वर्षभर राबून ती लॅब उभी केलेली. त्यांना वगळायचं माझ्या अगदी जिवावर आलं होतं.

मोजलं, तर भलतंच. आमचा संदेश धुळ्याला पोचायला पाच मिनिटं, आणि धुळ्याचा संदेश निघायच्या पाच मिनिटं आधीच जळगावात हजर! वायरी तपासल्या, प्रोग्राम तपासला, विद्यार्थ्यांवर उगाच खेकसले. अडीच वाजता हात टेकले आणि नवलभाऊंना फोन लावून नुसत्या फैरी झाडल्या.

ते शांतपणे म्हणाले, "चारुलता मॅडम, लॅबमधला बठ्ठा घड्याय पाच मिनिटं पुढे करेल शेतस. पोरेस्नी यष्टी चुकाले नको."

खेड्यावरच्या पोरांची पाचची एसटी चुकू नये म्हणून या भल्या माणसाने लॅबमधल्या सगळ्या संगणकांची घड्याळं मुद्दाम पुढे केली होती! मला हसू आवरेना. घड्याळं मागे घेऊ का, असं त्यांनी बिचाऱ्यांनी विचारलं. मी म्हटलं, राहू द्या, मीच चुकीचं मोजत होते.

मग संदेश धुळ्याला पाठवून तसाच परत बोलावला. निघाला तो आमच्या घड्याळात, आला तोही आमच्याच. डोळ्याची पापणी लवायच्या आत जाऊन आला. सरांनी तो आकडा दोनदा वाचला.

"धुळं राहील," ते म्हणाले.

मला इतका आनंद झाला की मी सगळ्यांना चहा पाजला, ज्यांच्यावर खेकसले होते त्यांना आधी.

रविवारी शेतात भरीत पार्टी ठेवली आणि नवलभाऊंना बरोबर बाराला बोलावलं. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगी अजून भाजतच होती, तोच बांधापाशी त्यांची मोटारसायकल थांबली. मी घड्याळ पाहिलं. बाराला पाच कमी होते.