तिसरी कडी

मित्रांनो, मी एक जुनी गळाची काठी आहे. साडेनऊ फूट लांब, मुठीशी बुचाची, टोकाशी गव्हाच्या काडीहून बारीक. नासेल नदीकाठच्या वेंडेलच्या दुकानात माझा जन्म झाला. माझ्या अंगावरच्या नऊ कड्या त्यानेच हिरव्या दोऱ्याने गुंडाळून बसवल्या. त्यांच्यातून गळाची दोरी धावते.

आर्वो लाहती मला निवडायला आला तेव्हा भिंतीशी आम्ही बाराजणी उभ्या होतो. आर्वो बोटी दुरुस्त करणारा सुतार. सोबत त्याची दहा वर्षांची मुलगी सिल्वी. चकचकीत काठ्यांकडे त्याने पाहिलेही नाही. एकेकीचे टोक छताला टेकवून तो हळूच दाब देई. कुणी मधूनच वाकली, कुणी वाकलीच नाही. मी टोकाशी चटकन लवले आणि मुठीजवळ ताठ राहिले.

"ही बघ. टोक हळवं हवं, म्हणजे स्टीलहेड माशानं नुसतं नाक लावलं तरी कळतं," तो सिल्वीला म्हणाला. "बूड मात्र हट्टी हवं. सॅमन पळताना आपल्याला विचारत नाही. चल, मोजा काढ."

"इसा, इथे?" वडिलांना ती इसा म्हणे. "दुकानात?"

"मग काय चर्चमध्ये काढतेस?"

वेंडेल हसला. "माझ्या कामावर भरवसा नाही तुझा. लग्नाआधी बायकोचे दातही मोजले असशील."

"तिनं माझे मोजले."

सिल्वीचा पातळ नायलॉनचा मोजा त्याने एकेका कडीतून ओढला. डोळ्यांना न दिसणारी चीर नायलॉनला कळते. जिथे मोजा अडकतो, तिथेच भर झुंजीत दोरी कापली जाते. माझ्यात तो कुठेच अडकला नाही. पुढे दर वर्षी पहिले दहिवर पडले की घरात हाक येई, "सिल्वी, मोजा काढ."

नदीने मला काय काय दाखवले ते कसे सांगू? शरदात सॅमन येत, समुद्राचे सगळे वजन घेऊन. पौषाच्या थंडीत स्टीलहेड येई. नदीत शिरल्यावर तो जवळजवळ काही खातच नाही. मग गळ का धरतो? इतक्या वर्षांत मला कळले नाही. दोरी अचानक जड होई, आणि जिथे फक्त पाणी होते तिथे कुणीतरी असे. त्या क्षणी मी मुळापर्यंत थरारत असे. आर्वो मानाने टोपी काढी. मासा हाती येवो न येवो, टोपी आधी निघे.

सिल्वी मोठी झाली, दूर शहरात नोकरीला गेली. आर्वोचे स्वतःचे मोजे जाड लोकरीचे, ते कुठेही अडकायचे. तपासणी राहून गेली. अशाच एका वर्षी मी ओल्या दगडांवर आपटले आणि टोकाकडची तिसरी कडी चिरली. मला ते कळले होते. पण काठीला बोलता येत नाही.

त्या हिवाळ्यात आर्वोला आयुष्यातला सर्वांत मोठा स्टीलहेड लागला. दोनदा तो पाण्याबाहेर उडाला, आणि दोरी तुटली. आर्वो बराच वेळ हाताच्या पंजांकडे पाहत बसला. संध्याकाळी फोनवर सिल्वीला म्हणाला, "हात गेले माझे. दोरी वेळेवर सैल सोडता आली नाही. आता पुरे."

"वय झालं की व्हायचंच, इसा," ती म्हणाली.

मी शेडमध्ये खुंटीवर गेले. दोन हिवाळे तो नदीवर गेला नाही. तिसऱ्याच्या आधी तो वारला.

सिल्वी मला विकायला वेंडेलकडे घेऊन आली. वेंडेल आता म्हातारा झाला होता.

"कड्या बघून देतेस ना, बाई? नाहीतर तुझा बाप वरून मला शिव्या घालेल."

सिल्वीने बूट काढला. मग मोजा. पहिली कडी, दुसरी. तिसरीत मोजा अडकला.

तिने तो सोडवला, पुन्हा ओढला. पुन्हा तिथेच अडकला. वेंडेलने भिंग लावून पाहिले.

"त्याचे हात नव्हते गेले," सिल्वी म्हणाली.

"नाही." वेंडेलने भिंग खाली ठेवले. "आणि त्याला विचारायला मीही गेलो नाही. विकायची का ही?"

"नवी कडी बसव."

पौषात आम्ही नदीवर गेलो. तिसऱ्या दिवशी दोरी जड झाली. सिल्वीने टोपी काढली. मी मुठीपर्यंत वाकले, नऊही कड्या दोरीखाली गात होत्या, आणि दोरी टिकली. मासा काठाशी आला तेव्हा त्याच्या अंगावर सकाळ चमकत होती. पाठीवरचा धाकटा पर शाबूत होता; माणसांनी वाढवून नदीत सोडलेल्या माशांचा तो कापलेला असतो. म्हणजे हा रानचा, परत सोडायचा. सिल्वीने त्याला दोन्ही हातांनी प्रवाहात धरून ठेवले. हात आर्वोचेच होते, रुंद अंगठ्यांचे. मग तो गेला.

मित्रांनो, सॅमन नदीत एकदाच येतो आणि तिथेच संपतो. स्टीलहेड कधी कधी समुद्रात जाऊन पुन्हा येतो. कोणता संपला आणि कोणता परत येईल, हे कुणालाच आधी ठाऊक नसते; माणसांचेही तसेच. म्हणून आपले कुणी म्हणाले, "हात गेले माझे," तर लगेच मान डोलावू नका. त्यांच्याकडे जा. मोजा काढा, आणि एकेक कडी तपासा.