एकट्याची मुलाखत

गौरवीने रेकॉर्डर चालू केला आणि अंगणातल्या भट्टीच्या चुलीत लाकूड सारणाऱ्या सत्यवतीला म्हटलं, "काकी, तासभर आत बसाल? मुलाखत एकट्याची घ्यायची असते."

सत्यवतीने नवऱ्याकडे पाहिलं. गोकुळदासने मान हलवली, तशी ती पदराला हात पुसत घरात गेली.

तापानंतर ज्यांचं हुंगणं कायमचं गेलं, अशा माणसांवर गौरवीचा प्रबंध होता. नाव कुठे येणार नाही या बोलीवर गोकुळदास तयार झाला होता. इब्रामपुरात तीन पिढ्या काजूच्या बोंडांची दारू, हुर्राक, गाळणारं घर! मालकाला वासच येत नाही हे गिऱ्हाइकाला कळलं, की भट्टी बंदच म्हणायची.

"वास नसणं कसं असतं, काका?"

"कसं म्हणजे? येत नाय."

"पण तुम्हाला नेमकं काय होतं?"

"काय होतला गो बाय? तापानंतर चार वर्षां तशीच गाळतंय, विकतंय. कोणाची तक्रार नाय."

आधीच्या दोन मुलाखती गाईडनी 'यात माणूस कुठे आहे?' म्हणून परत केल्या होत्या. गौरवीने चिकाटी सोडली नाही. हळूहळू गडी खुलला. पिकलेली बोंडं दिसली की तोंडाला अजून पाणी सुटतं, नाक तेवढं मेलं गप्प, असं तो सांगू लागला. गौरवी भराभर लिहीत होती. मध्येच एक जळका दर्प आला. भट्टी म्हटली की असा वास असायचाच, असं समजून तिने पान उलटलं.

"ओ, रस करपता!" सत्यवती धावतच बाहेर आली. तिने लाकडं ओढली, पण उशीर झाला होता. गोकुळदासने नळीखालची धार तळहातावर घेतली आणि बायकोपुढे धरली. ती हुंगून नुसतं 'नाय' म्हणाली. त्याच धारेखाली सकाळपासून भरत आलेली अख्खी कळशी त्याने फणसाच्या बुंध्याशी ओतली.

गौरवीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "काकी, वास मला आला होता. पण कळलंच नाही हो."

"तुका कसा कळतला?" सत्यवती म्हणाली. तिने पाट ओढला आणि चुलीपाशी आपल्या जागेवर बसली.

रेकॉर्डर चालूच होता. गौरवी तो बंद करायला वाकली.

"ऱ्हांव दे," गोकुळदास म्हणाला. "मघाशी विचारलंस ता आता विचार. आता माका सांगूक येतला."

गौरवीने रेकॉर्डर उचलला आणि दोघांच्या मधोमध ठेवला.