उलटीतली अख्खी गोळी

उलटी थांबवायची गोळीच उलटीतून बाहेर पडली, आणि तीही अख्खी! ताई बादलीपुढे मटकन बसली. गोळी तिच्याच कारखान्यातली होती, आणि कोण जाणे, तिच्याच हातचीही असेल. गोळ्या दाबायच्या मशीनवर तिची उमेदीची सगळी वर्षं गेलेली. दाब कमी पडला तर गोळीचा भुगा होतो आणि जास्त पडला तर ती पोटात विरघळत नाही, हे तिला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं.

तिचे वडील, आबा, भिंतीकडे तोंड करून पडले होते. मधुमेहाने त्यांचं पोट पार सुस्तावलं होतं. खाल्लेलं पुढे सरकतच नव्हतं, घास गेला की उलटी. डॉक्टरीणबाईंनी ही गोळी दिली आणि बजावलं, "शुक्रवारपर्यंत अन्न टिकलं नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल." तेव्हापासून आबांचं एकच पालुपद : "नळी नको. मेलो तरी चालेल." आणि आबा एकदा नको म्हणाले की ब्रह्मदेव आला तरी नकोच.

"पोरी, गोळीसुद्धा मला कंटाळली बघ," ते म्हणाले. माणूस आडवा झाला तरी जीभ काही आडवी होत नव्हती! ताईला मात्र रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या गोळ्या घेऊन ती कारखान्यातल्या लॅबवालीकडे गेली. दोघी जिवाभावाच्या, रोज भांडायच्या आणि रोज एकत्र डबा खायच्या.

"माझाच दाब चुकला गं. माझ्या बापाला मी दगड चारला."

"आधी बघू तर दे. उगाच छाती बडवू नकोस."

लॅबवालीने गोळ्या जाळीच्या टोपलीत टाकल्या. टोपली कोमट पाण्यात वरखाली होऊ लागली. ताई टोपलीवर डोळे लावून बसली. थोड्याच वेळात गोळ्यांचा नुसता गाळ झाला.

"गोळीला काही धाड भरलेली नाही. तू देतेस कधी?"

"जेवल्यावर, लगेच. उपाशीपोटी औषध देतं का कुणी?"

लॅबवालीने कपाळावर हात मारला. "अगं बाई, ही पोटाला चालतं करायची गोळी! जेवणाच्या अर्धा तास आधी द्यायची. तू ती अन्नावर नेऊन ठेवतेस. विरघळायच्या आत सगळ्यासकट बाहेर येणार नाही तर काय? दुकानदाराने सांगितलं नाही?"

ताईची मान खाली गेली. दुकानदार बिचारा सांगायलाच लागला होता. हिनेच हात उडवला होता, "मला काय शिकवता? ही गोळी मीच बनवते!" बनवते खरी. पण मशीनवर गोळीचं वजन कळतं, जाडी कळते. ती घ्यायची केव्हा, हे तिथे कोण विचारतंय? अतिशहाणपणा नडला, दुसरं काय!

तिने डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनीही तेच सांगितलं, वर चार शब्द सुनावले.

संध्याकाळी गोळी दिली आणि ताई घड्याळाकडे बघत बसली. जरा वेळाने आबा खेकसले, "जेवायला देणार आहेस की नाही? भूक लागलीय मला!"

भूक! हा शब्द घरात किती दिवसांनी ऐकू आला होता! ताईने धावत जाऊन मऊ भात आणला. आबांनी चार चमचे खाल्ले आणि ते पोटात राहिले. दुसऱ्या दिवशी थोडं उलटलं, पण त्यानंतर नाही.

शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनी पोट तपासलं आणि त्या म्हणाल्या, "नळीचा विषय सध्या बंद."

घरी येताना आबा वाटेत थांबले. "एक सांगू? घालून घेतली असती मी नळी."

"काय? मग माझा जीव का टांगणीला लावलात?"

"घाबरलो होतो गं. पण तू रोज दाराआड रडायचीस. तुला सोडून जायला काही मन होईना."

ताईने भर रस्त्यात बापाला मिठी मारली आणि दाराआड दाबलेलं सगळं रडून घेतलं.