सज्ज्यावरची माणसे कोण हलवते?

मित्रांनो, मी एक जुने मॉडेल आहे. मॉडेल म्हणजे इमारत बांधण्याआधी केलेली तिची छोटी प्रतिकृती. तुम्ही माझे कौतुक केलेत तरी मी लगेच हुरळून जाणार नाही. आधी तुमचे हात कुठे आहेत ते बघीन. माझा स्वभाव असा संशयी का झाला, तेच आज सांगणार आहे.

एका खोल दरीच्या काठावर पर्यटकांसाठी निरीक्षणगृह बांधायचे ठरले. समोर उभा काळा कडा, तळाशी नदी आणि आपल्या पायांखाली उडणारे पक्षी, असा तो देखावा होता म्हणे. मी काही पाहिलेला नाही, तेव्हा हमी देत नाही. काम मिळाले एका भावाबहिणीच्या लहानशा ऑफिसला. थोरला भाऊ इंजिनियर. त्याला सगळे दादा म्हणत. धाकटी बहीण आर्किटेक्ट, ती ताई. जागेची मोजणी दादाने करायची आणि इमारत ताईने आखायची, अशी त्यांची वाटणी होती.

ताईने मला स्वतःच्या हातांनी घडवले. थर्माकोलचे थर चिकटवून कडा केला, पुठ्ठ्याच्या भिंती उभारल्या आणि कड्याच्या टोकाला, थेट पोकळीवर, एक सज्जा काढला. मग चिमट्याने उचलून कागदी माणसे कठड्याशी ओळीने उभी केली. आईचा हात धरलेली एक मुलगीही त्यांत होती. येणारा जाणारा म्हणे, “बघूनच पोटात गोळा येतो हो!” ताई खूश. मीही खूश होते, खोटे कशाला बोलू?

पण एके दिवशी सकाळी ताईने माझ्यावरची चादर काढली, तर सगळी माणसे मागे भिंतीला चिकटून उभी. तिने ती पुन्हा पुढे आणली. दोन दिवसांनी पुन्हा मागे! मला एवढेच कळे, की चादरीखालून एक हात येतो. गार बोटे. चेहरा मात्र चादरीपलीकडे. तेव्हापासून जो जवळ येईल त्याचा मला संशय येऊ लागला.

ताईचा संशय मावशीवर गेला. मावशी ऑफिसची झाडलोट करत आणि सकाळी सगळ्यांच्या आधी येत.

“मावशी, मॉडेलला हात लावता का हो तुम्ही?”

“मी कशाला लावू ताई? चादरीवरून फडकं मारते, तेवढंच.”

“मग माणसं काय आपल्या पायांनी मागे गेली?”

“ते मला काय ठाऊक?” मावशींनी हातातले फडके खाली ठेवले. “इतकी वर्षं झाली, कधी एक टाचणी इकडची तिकडे केली नाही मी.”

“यापुढे याच्याजवळ फिरकू नका,” ताई म्हणाली.

दादा शेजारीच पेन्सिलला टोक करत बसला होता. त्याने मान वर केली नाही. माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली.

पुढच्या आठवड्यात मावशी तापाने आजारी पडल्या. तरीही माणसे हलली. ताई चक्रावली आणि तिने ती पुन्हा पुढे आणली. त्याच दुपारी ती विसरलेला डबा न्यायला परत आली आणि तिला माझी चादर हलताना दिसली. तिने ती झटकन ओढली. दादाच्या बोटांत ती कागदी मुलगी होती.

“दादा! तू?”

“काठावर उभी असलेली बघवत नाहीत गं. भीती वाटते मला.”

“अरे, कागदाची आहेत ती!” ताई हसत सुटली. मग एकाएकी तिचे हसू थांबले. “थांब. कागदाकडे बघून तुझं असं होतं, तर तिथे काठाची मोजणी कशी केलीस?”

दादाने कागदी मुलगी भिंतीशी ठेवली. “काठापर्यंत गेलोच नाही मी. अलीकडच्या झाडाला धरून उभा राहिलो. पुढचा खडक फोटोत सलग दिसत होता, तसाच नकाशात काढला.”

“आणि त्याच्यावर मी सज्जा बांधायला निघाले!”

ताई स्वतः कड्यावर गेली आणि पोटावर सरपटत टोकापर्यंत पोहोचली. परतल्यावर तिने दादाला सगळे सांगितले. गवताखाली खडकाला हात जाईल एवढी भेग होती. सज्जा जिथे टेकणार होता, तो सगळा तुकडा कड्यापासून सुटलेला होता. उद्या त्यावर खरी माणसे उभी राहिली असती. त्या विचाराने आजही माझे थर्माकोल शहारते.

ताईने निरीक्षणगृह मागे पक्क्या खडकावर घेतले आणि माझा सज्जा पात्याने कापून टाकला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. नवे मॉडेल झाले, मी कपाटावर गेले. दादाला ताईने चांगले फैलावर घेतले, मग माफही केले. सगळे मार्गी लागले, असे त्या दोघांना वाटले.

इमारत उभी राहिली. उद्घाटनाला जायला गाडी दारात आली.

“मावशी, चला ना तुम्हीपण,” ताई म्हणाली.

“नको ताई. तिथे काही इकडचं तिकडे झालं, तर माझ्यावरच यायचं.”

ताईचा चेहरा खर्रकन उतरला. “मावशी, तो दादा होता हो. माझंच चुकलं.”

“मला ठाऊक आहे. दादांनी कधीच सांगितलं,” मावशी म्हणाल्या. “तुम्ही सांगाल, म्हणून थांबले होते.”

गाडी गेली. मावशी गेल्या नाहीत. ओट्याशी उभ्या राहून त्यांनी एकेक कप सावकाश विसळला.

मित्रांनो, संशय मलाही येतो, तुम्हालाही येईल. पण तो खोटा ठरला, की ज्याच्यावर घेतलात त्याच्याकडे आधी जा. कड्याची भेग ताईला वेळेत दिसली, मावशींच्या मनातली दिसली नाही.