हद्दीअलीकडचा जावई

आमच्या जावयाचं गावाला भारी कौतुक होतं. अश्विन तेलंगणातल्या आदिलाबादला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. तिकडून दर रविवारी मोटारसायकल हाणत हद्द ओलांडून तो कोरपना तालुक्यातल्या आमच्या गावी यायचा. लोकांचे जावई सणालाही तोंड दाखवत नाहीत, असं आई चारचौघींना ऐकवायची आणि कोंबडीचा रस्सा ढवळायची. जावयाला काही विचारायचं नसतं, फक्त वाढायचं असतं, असा तिचा नियम.

मला मात्र सगळं ठाऊक होतं. क्रिकेटवर पैसे लावायचं ॲप तेव्हा तेलंगणात बंद होतं. मोबाइल त्या राज्यात आहे एवढं कळलं तरी ते चालायचं नाही. आमच्याकडे बिनदिक्कत चालायचं. आता ते देशभर बंद झालंय, पण ही त्याआधीच्या एका उन्हाळ्यातली गोष्ट. तर पाहुणे सासुरवाडीला येत नव्हते, महाराष्ट्रात येत होते. साडेतीनची मॅच सुरू व्हायच्या आत माझ्या मोबाइलच्या दुकानात बसून अकरा खेळाडूंची टीम लावायची आणि मग घरी जाऊन जेवायचं.

हे त्याला शिकवलं मीच. त्याच्या आधार कार्डावर तेलंगणाचा पत्ता, म्हणून खातंही मी माझ्या नावाने काढून दिलं. ‘तिकडे गुन्हा हाय, इकडे खेळ हाय. मंग भ्यायचं काऊन?’ असं मी त्याला हसत म्हणालो होतो. कायदा कोळून प्यायल्याचा आव मला छान जमतो.

पहिले दोन रविवार तो जिंकला. मग हरत गेला. मी पाहत होतो, पण बोललो नाही. जावयाला कोण बोलणार, ही आईची सबब माझ्याही कामी आली.

मे महिन्यातल्या एका रविवारी संघप्रियाचा फोन आला. ती माझी धाकटी बहीण, अश्विनची बायको. चार वर्षं लोकांचे ब्लाउज शिवून तिने नर्सिंगच्या प्रवेशाची फी जमवली होती.

‘‘दादा, तुह्या दुकानाले पैसे पाहिजे म्हणते हे. खरं हाय काय?’’

अश्विन माझ्या समोरच बसला होता. त्याने हात जोडले. खरं सांगितलं असतं तर खातं कोणाच्या नावावर आहे हेही निघालं असतं. तेवढ्या भीतीपायी मी म्हणालो, ‘‘हो.’’

‘‘मंग तू काऊन नाई बोलला मले? लाजला काय?’’ ती म्हणाली. ‘‘देते मी त्याईच्याजवळ. नर्सिंग काय, पुढच्या वर्षी बी होते.’’

पुढच्या रविवारी तो पैसे घेऊन आला. मी त्याला अडवायला हवं होतं. मी चहा मागवला. दोन रविवारांत तिची चार वर्षं संपली. मला स्वतःची किळस आली, तरी जेवताना मी आईला म्हणालो की रस्सा चांगला झालाय.

जूनमध्ये संघप्रिया न सांगता बसने आली. दादाचं दुकान कसं झालं ते पाहायला. येताना माझ्यासाठी काउंटरवर टाकायला स्वतः शिवलेलं कापड आणलं होतं. दुकान होतं तसंच होतं. ती काही बोलायच्या आत आई घरून आली आणि कौतुकाने सांगू लागली, ‘‘जवाई दर रविवारी इथीच बसते नागसेनजवळ. दोघंबी मोबाइलात मॅच खेळते. लय जीव हाय त्याईचा.’’

संघप्रियाने माझ्यापुढे हात केला. मी मोबाइल दिला. तिने ॲप उघडून एकेक टीम पाहिली, शेवटपर्यंत. आई चहा ठेवायला घरी गेली.

‘‘पाहुणे ऐकत नव्हते,’’ मी म्हणालो. ‘‘तू त्याईलेच विचार एकदा.’’

‘‘त्याईले काय विचारू?’’ तिचा आवाज चढलाही नाही. ‘‘ते खोटं बोलून राह्यले असं मले तवाच वाटलं होतं. म्हणून तं तुले फोन केला होता, दादा.’’