उजेड उतरवणारं बटण

धाकटीनं बापापासून आयुष्यात एकच गोष्ट लपवली होती, ती म्हणजे ऑटोचं बटण. बाप हाडाचा माळी, आणि हट्टाचं तर विचारूच नका. बागेचे फोटो तो स्वतः काढायचा, तेही रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं काही साजशृंगार न करता जसेच्या तसे दिलेले. पुढचं काम धाकटीचं. संगणकावर एकेका फोटोचा उजेड हातानं जुळवायचा, असा त्याचा दंडक. यंत्राला गुलाबातलं काय कळतं, म्हणे. धाकटी मान डोलवायची आणि सगळे फोटो निवडून खुशाल ऑटो दाबायची, की यंत्रच सगळ्यांचा उजेड जुळवून मोकळं. दीडशे फोटो हातानं करत कोण बसणार?

नऊ दिवसांनी ती परगावी नोकरीवर रुजू होणार होती. आधी आईचं आजारपण, मग बापाचं घर, असं सात वर्षं सांभाळल्यावर, चाळिशीला टेकताना मिळालेली पहिली नोकरी. म्हणून वर्षभरातले सगळे फोटो पुन्हा एकत्र लावून एकदाचे संपवायला ती दुपारीच बसली. ऑटो दाबलं आणि पहिल्यांदाच आकड्यांकडे नीट पाहिलं. हिवाळ्यातल्या फोटोंचा उजेड ऑटोनं जेमतेम पाव पायरी उतरवला होता. उन्हाळ्यातल्यांचा एक पायरी, म्हणजे निम्म्यावर. परवाच्यांचा चक्क दोन. म्हणजे बाप महिन्यागणिक जास्तच उजेड भरत चालला होता.

कॅमेरा बिघडला असेल म्हणून अंगणात जाऊन तिनं स्वतः चार फोटो काढले. कॅमेरा ठणठणीत होता.

मग तिनं बापाला हाक मारली. पांढऱ्या गुलाबाचा ऑटोनं सुधारलेला फोटो दाखवला, पाकळीन् पाकळी मोजून घ्यावी असा. फार अंधार केलायस, तो म्हणाला. मग तिनं मूळचा दाखवला. नुसता पांढराफटक, फूल कुठलं नि भिंत कुठली कळू नये असा.

"हां, आता कसं," तो म्हणाला. "आता गुलाब दिसला."

धाकटीला स्वतःचाच राग आला. कारण मनात पहिलं आलं ते हेच, की बोललंच नाही तर? नऊ दिवस तर काढायचे. तिकीट कपाटात होतं. पण जीभ ऐकेना. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे कधी जायचं, एवढंच तिनं विचारलं.

बाप टेबलाची कड चाचपत उभा राहिला. जाऊन आलोय, म्हणाला, दोन महिने झाले. गेलेली नजर परत येत नाही, आणि उरलेलीचाही भरवसा नाही.

"तू हातानं केलं असतंस तर तुला केव्हाच कळलं असतं. पण दीडशे फोटो तासाभरात उरकतेस, तेव्हाच ओळखलं, ही ऑटो लावते. बरं वाटलं. म्हटलं, एवढे दिवस निभले की पोरगी सुटली."

धाकटीनं ऑटो काढून टाकलं आणि पहिल्या फोटोपासून हातानं उजेड जुळवायला घेतला. तिकीट कपाटातच राहणार होतं; आता घाई कसलीच नव्हती.