फोन पलीकडच्यानं ठेवायचा

"बाई, तुम्ही आहात ना?"

किती वर्षं झाली, तरी तो आवाज ताईंच्या कानात घर करून बसला होता. पाण्यात बुडत जाणाऱ्या घागरीसारखा, क्षणात वर येणारा, क्षणात भरून जड होणारा. अग्निशमन दलाच्या फोनवर बसणाऱ्यांची एक रीत होती: फोन आपण ठेवायचा नाही, पलीकडच्यानं ठेवायचा. त्या सकाळी पेटत्या घरात अडकलेल्या बाईनं तो ठेवलाच नाही. गाडी पोचली, दार फुटलं, तरी ताई आपल्या "मी आहे हं, मी आहे" म्हणतच होत्या.

आज त्याच फोनसाठी राज्य सरकार त्यांना पुरस्कार देणार होतं.

रंगमंचामागच्या खोलीत रंगाचा आणि नव्या कपड्यांचा वास कोंडला होता. फुकट औषधं देणारे डॉक्टर, पुरात होडी घालणारा कोळी, सगळे अवघडून उभे. गळ्यात बिल्ला अडकवलेला अधिकारी ताईंपाशी येऊन म्हणाला, "हसा की जरा! फोटोत घराला आग लागल्यासारखा चेहरा नको." मग त्याचं त्यालाच कळलं आणि त्यानं जीभ चावली. "बरं, पुरस्कार कुणाच्या हातून आहे, माहितेय? त्या बाईंच्या यजमानांच्या! शोधून आणलंय आम्ही."

ताईंनी वळून पाहिलं.

कोपऱ्यात तेच बसले होते, घड्याळं दुरुस्तीचं दुकान चालवणारे काका. अंगात कडक इस्त्रीचा सदरा, डोळ्यांवर जाड भिंगं.

"ये पोरी, बस. तू होतीस म्हणून ती एकटी गेली नाही."

"मुलगा नाही आला तुमचा?" काहीतरी बोलायचं म्हणून ताईंनी विचारलं.

"मला मुलगा नाही."

"असं काय म्हणता, काका?"

"होता. आमचं दार वाऱ्यानं सताड उघडायचं. ही तापानं फणफणलेली. मी आधी निघालो, तो मागे, बुटाच्या नाड्या बांधत. जाताना बाहेरून कडी घालून गेला. आणि वर तोंड करून म्हणतो, मी नाही घातली! चुकलो म्हणाला असता, तर पोटात घातलं असतं गं. खोटं कसं घालू? तेव्हापासून उंबरा चढू दिला नाही त्याला." काकांचे शब्द कोरडेच निघाले. "मघाशी फाटकाशी उभा होता. कडेवर पोर. आत सोडा म्हणत होता. पहारेकऱ्यानं मला विचारलं, तुमचा का हा? म्हटलं, ओळखत नाही."

ताईंच्या हातातली पाण्याची बाटली चुरगळली. मेलेल्या बाईला दिलेला शब्द त्यांनी तळहातावरच्या दिव्यासारखा जपला होता. चौकशीत विचारलं, नातेवाइकांनी विचारलं, वर्तमानपत्रवाल्यांनी खोदून खोदून विचारलं, सगळ्यांना एकच सांगितलं, "शांतपणे गेल्या." त्यांना वाटलं होतं, आपण एका म्हाताऱ्याला जगवतोय. त्याची किंमत फाटकाशी उभी आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

बाहेर टाळ्या वाजल्या. भोंग्यातून ताईंचं नाव घुमलं. "चला, चला!" अधिकाऱ्यानं काकांच्या हातात चकचकीत मानचिन्ह कोंबलं. काका उठले, डोळे पुसायला त्यांनी चष्मा काढला, आणि चाचपडत ताईंचा हात धरला.

ताई जागच्या हलल्या नाहीत.

"काका, पोरगा खरं बोलतोय."

"काय?"

"अहो ताई, नाव पुकारलंय!" अधिकारी कळवळला.

ताईंनी काकांचा हात घट्ट धरला. तो आवाज कानातून ओठांवर आला, जसाच्या तसा, धाप लागलेला.

"काकू फोनवर म्हणाल्या होत्या, 'पोरगा दार नुसतं ओढून गेला. मग हे परत आले, चष्मा विसरला होता. मी डोळे मिटूनच होते. माझं पांघरूण सारखं केलं, आणि जाताना कडी घालून गेले. दार लावायला मला उठायला लागू नये म्हणून. घाईत होते, त्यांच्या लक्षातही नसेल. त्यांना कधी सांगू नका हं, बाई, जगायचे नाहीत ते.' मी शब्द मोडला, काका. पोरगा अजून फाटकाशी असेल."